जेवून-खाऊन पंधरा हजार

मराठवाड्यात मुलाची कमाई विचारायची एक ठरलेली रीत आहे. मुलगा मास्तर असला तर पाहुणे ‘अनुदानित का विनाअनुदानित?’ असं विचारतात. बँकेत असला तर ‘बँक का पतसंस्था?’ शेती करत असला तर काहीच विचारत नाहीत, चहा पिऊन उठतात. पण ‘मुलगा साउंडमध्ये आहे’ असं म्हटलं की पाहुण्यांची पंचाईत होते. “साउंड? ही कंपनी कुठं आली, वाळूजला का?” असं एकजण विचारतो. मुलाचा बाप खाकरून “नाही, म्हणजे ते... स्पीकर,” असं म्हणतो. मग बराच वेळ कुणी बोलत नाही. शेवटी पाहुण्यांतला सगळ्यांत वडीलधारा माणूस, ज्याच्या स्वतःच्या नातवाच्या बारशाला चार बेस लावले होते, तो विचारतो, “पण पगार किती पडतो?”

या प्रश्नाला आजवर कुणी सरळ उत्तर दिल्याचं ऐकिवात नाही. कारण साउंडवाल्याचा पगार सीझनवर असतो, सीझन पंचांगावर, पंचांग ग्रहांवर आणि ग्रह मालकाच्या मर्जीवर. मिळतात ते पैसे वेगळे, बुडतात ते वेगळे, आणि जेवण मिळतं ते सगळ्यांहून वेगळं. पुण्यामुंबईकडं नोकरीच्या कागदावर पगाराच्या खाली ‘इतर लाभ’ असा रकाना असतो म्हणे. आमच्याकडं इतर लाभ म्हणजे बुंदी.

हे सगळं मला शिकावं लागलं ते भाच्यामुळं. त्यानं लातूरच्या आयटीआयमधून इलेक्ट्रॉनिक्स मेकॅनिकचा दोन वर्षांचा ट्रेड केला. पोरगा दुरुस्तीचं दुकान टाकील अशी घरच्यांची अपेक्षा होती. पण त्यानं कुणाच्या तरी लग्नात सहज मिक्सरवर हात ठेवला आणि तो हात काही घरी परत आला नाही. यंदा त्याच्यापुढं एकदम तीन ठिकाणं आली. लातूरला एका क्लासमध्ये, महिना पंधरा हजार, पीएफ कापून. नांदेडला एका साउंडमालकाकडं, रात्रीला हजार रुपये, जेवून-खाऊन. आणि मुंबईत एका स्टुडिओत, वर्षाला तीन लाख साठ हजार.

निवाडा करायला घरची मंडळी अहमदपूरला बसली, अक्काच्या घरी. अहमदपूर लातूर-नांदेड रस्त्यावर साधारण मध्याला येतं. त्यामुळं दोन्ही शहरांबद्दल तिथले लोक सारख्याच अधिकारानं बोलतात आणि दोन्ही शहरांना सारखीच नावं ठेवतात. आमचे दाजी एसटीतून कंडक्टर म्हणून निवृत्त झालेले. आयुष्यभर लोकांना सुटे पैसे परत न देता हिशेब जुळवलेला माणूस. त्यांनी वहीची मागची कोरी पानं काढली आणि तीन रकाने आखले.

“पहिलं ते मुंबई काढून टाका,” अक्का म्हणाली.

“कामून? आकडा बग की केवढा हाय!”

आकडा खरंच मोठा होता. तीन लाख साठ हजार भागिले बारा, महिना तीस हजार. पण तो सीटीसी होता, म्हणजे पोरगं मालकाला केवढ्याला पडणार ती रक्कम. दाजींनी मूळ पगार पंधरा हजार धरला आणि तिकिटावर पंच मारावा तसे एकेक भोक पाडायला सुरुवात केली. मालकाच्या वाट्याचा पीएफ १,८०० रुपये, तो यातूनच. ग्रॅच्युइटीचे महिन्याला ७२१, तेही यातूनच, आणि ते हातात पडणार पाच वर्षं टिकलो तर. राहिले २७,४७९. त्यातून आपल्या वाट्याचा पीएफ पुन्हा १,८००, आणि व्यवसाय कर २००. हातात २५,४७९.

“फेब्रुवारीत अजून शंभर कमी,” दाजी म्हणाले. हा कर अकरा महिने दोनशे आणि फेब्रुवारीत तीनशे असतो, वर्षाचे अडीच हजार भरावेत म्हणून. वर्षातल्या सगळ्यांत आखूड महिन्याला सगळ्यांत लांब कर का, असं मी विचारलं. दाजींचा सरकारवर विश्वास आहे. “त्या महिन्यात दोन दिवस खायचा खर्च कमी असतो ना,” ते म्हणाले.

उरलेल्या पंचवीस हजारांतून नालासोपाऱ्याच्या खोलीतला एक कोपरा, डबा, लोकलचा पास आणि दिवाळीला गावी यायचं रेल्वेचं तिकीट वजा झालं. वर भाच्याच्या मित्राचा निरोप असा, की स्टुडिओची नोकरी सुटून फुटकळ कामं घ्यायची पाळी आली तर टीव्हीच्या धंद्यात पैसे नव्वद दिवसांनी यायची चाल आहे. आमच्याकडंही पैसे उशिराच मिळतात, पण देणारा निदान बाजारात तोंड चुकवतो. तिकडं म्हणे तारीख छापून उशीर करतात.

मुंबईच्या बाजूनं मी एकच मुद्दा मांडून पाहिला. पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमधून साउंड शिकलेल्या रसूल पूकुट्टी यांना २००९ साली ‘स्लमडॉग मिलेनियर’च्या आवाजाच्या कामाला ऑस्कर मिळालं. अक्कानं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, “त्यांना घरभाडं किती पडत होतं?” मुंबईचा रकाना तिथं संपला.

मग नांदेड निघालं, आणि नांदेडला रात्र पुरली नाही.

रात्रीला हजार म्हणजे दिवसाला हजार नव्हे, हे आधी समजून घ्यायला हवं. लग्नं, वराती, फेब्रुवारीतली शिवजयंती, एप्रिलमधली भीमजयंती, ऑगस्टमधली अण्णाभाऊंची जयंती, गणपती, नवरात्र, गावोगावचे हरिनाम सप्ताह, उरूस, निवडणूक आली तर सभा, आणि मार्गशीर्षात लोहा तालुक्यातली माळेगावची खंडोबाची यात्रा. एवढं सगळं जमेला धरून दाजींनी वर्षाच्या ११० रात्री काढल्या. एक लाख दहा हजार. महिन्याला पडले ९,१६७.

“अन् जेवण?” अक्का म्हणाली. मालक जेवण देतो, तर ते पगारात धरलं पाहिजे, यावर ती ठाम होती. ताटाला ऐंशी रुपये धरले, ११० ताटांचे ८,८०० झाले, महिना ७३३. बेरीज बरोबर ९,९००. इतकी गोल रक्कम आली की दाजींना आपलंच काहीतरी चुकलं असं वाटलं, म्हणून त्यांनी पुन्हा मांडून पाहिली.

माझी हरकत ताटाच्या किमतीला होती. कुठल्या पंगतीचं ताट? स्पीकरवाला पहिल्या पंगतीला बसूच शकत नाही, कारण पंगत जेवत असताना वाजवायला कुणीतरी लागतं. दुसऱ्या पंगतीला व्याही बसतात, तिसरीला बँडवाले. हा बसतो तो आचाऱ्यांबरोबर. तोवर बुंदीचा चुरा झालेला असतो, वांग्याच्या भाजीतली वांगी गेलेली असतात, देठं असतात. वरण मात्र भरपूर, कारण दर पंगतीला त्यात पाणी पडलेलं असतं. या ताटाचे ऐंशी धरणं हा सरळसरळ अन्याय होता. पण भाचा म्हणाला, “मामा, सप्ताहातल्या ताटाचं धरा की. काल्याच्या दिवशी महाराजांच्या शेजारी बसवतात.” आणि उरुसाला कंदुरी असली तर ताट दोनशेच्या खाली येतच नाही. शेवटी लग्नाचं ताट, सप्ताहाचं ताट आणि कंदुरीचं ताट अशी सरासरी काढून ऐंशीवरच समेट झाला. भाचा त्या दिवशी जेवला मात्र घरीच आणि चांगलं पाचशेचं.

नांदेडच्या रकान्यात आणखी एक अडचण होती ती पंचांगाची. महिना पगारी माणसाला महिना म्हणजे महिना. साउंडवाल्याला आषाढी एकादशीपासून तुळशीच्या लग्नापर्यंत मुहूर्त नाही, पितृपक्षात तर चिटपाखरू नाही, पौषात लोक लग्नाचं नाव काढत नाहीत. मधल्या काळात गणपती आणि देवी सांभाळून घेतात, म्हणून तर या धंद्यातली माणसं एवढी भाविक असतात. त्यात अधिक महिना आला की संपलंच. २०२६चा अधिक महिना ज्येष्ठाचा आहे, १७ मे ते १५ जून, म्हणजे ऐन लगीनसराईत. त्या महिन्यात जावयाला धोंडे मिळतात, वर चांदीचं निरांजन मिळतं. ज्याच्या स्पीकरवर नाचून तो जावई झाला, त्याला त्या महिन्यात उधारही कुणी देत नाही.

मग वेळेचा प्रश्न निघाला. ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० सालचे. रात्री दहा ते सकाळी सहा स्पीकर बंद. सरकार वर्षातून फार तर पंधरा दिवस बारापर्यंत सूट देऊ शकतं, तीही ठराविक सणांना. या नियमाबद्दल माझी काही तक्रार नाही. माझं घर मंगल कार्यालयाच्या मागं आहे, त्यामुळं हे नियम करणाऱ्यांचा फोटो मी देवघरात लावायला तयार आहे. पण साउंडमालकांनी या नियमातून एक वेगळाच अर्थ काढला आहे. आवाज दहाला थांबतो, तेव्हा काम दहाला थांबलं. वायर गुंडाळणं हे त्यांच्या हिशेबी काम नाही, तो संस्कार आहे. आणि वायर गुंडाळायला खरोखर वेळ लागतो. घाईनं कोपरावर पीळ देऊन गुंडाळली तर आतली तार तुटते आणि दुसऱ्या दिवशी नवरीच्या मामाच्या भाषणात खरखर येते. म्हणून एक वेढा सरळ, एक उलटा असं शांतपणे गुंडाळायचं, बेस गाडीत चढवायचे, जनरेटर बंद करायचा, आणि पहाटे दोनला कंधारच्या रस्त्यावर गाडीच्या टपावर झोपायचं. हा झोपण्याचा भाग ‘राहण्याची सोय’ म्हणून मालकानं सांगितला होता.

“विमा हाय का?” दाजींनी विचारलं होतं म्हणे. मालक म्हणाला, “हाय की. गाडीचा हाय, जनरेटरचा हाय.” गाडीच्या टपावरच्या पोराचा नव्हता. पाऊस पडत असताना लोखंडी सांगाड्याला हात लावून हॅलो-हॅलो करणारा हा माणूस आहे. पंतप्रधान सुरक्षा विमा योजनेत वर्षाला वीस रुपयांत दोन लाखांचा अपघात विमा मिळतो, बँकेत खातं असलं की झालं. वीस रुपये म्हणजे वरातीत नवरदेवावरून ओवाळून टाकतात तेवढे. तेही इतकी वर्षं कुणी भरले नव्हते. अक्कानं दुसऱ्या दिवशी बँकेत जाऊन भरले. त्या दोन दिवसांच्या चर्चेतलं खरं काम एवढंच झालं असं मला अजूनही वाटतं.

आणि कान? कामगारांच्या आरोग्याचं बघणारी अमेरिकेची नायॉश नावाची सरकारी संस्था आहे. तिचा हिशेब असा, की ८५ डेसिबलच्या आवाजात माणसानं फार तर आठ तास काम करावं. आवाज तीन डेसिबल वाढला की वेळ निम्मा. ८८ला चार तास, ९१ला दोन, आणि असं करत १००ला आले की पंधरा मिनिटं. आता वरातीतल्या बेसच्या पुढं उभं राहिल्यावर शंभर हा काही मोठा आकडा नाही. म्हणजे शास्त्राप्रमाणे आमच्या भाच्याची ड्युटी नवरदेव घोड्यावर बसायच्या आतच संपते. त्यानंतरचे साडेतीन तास तो कानाच्या मुदलातून देतो. दाजींनी ‘पुढचे खर्च’ असा एक नवा रकाना काढून त्यात ‘कानाचं मशीन’ असं लिहिलं आणि रक्कम कोरी सोडली. आपल्याकडं वस्ती भागासाठी दिवसाची मर्यादा ५५ डेसिबल आहे, हे मी सांगितलं तेव्हा भाचा मनापासून हसला. ५५ला त्यांचा जनरेटरसुद्धा चालत नाही.

असं असूनही नांदेडला काम शिकायला मिळतं, हे मान्य केलं पाहिजे. सचखंड गुरुद्वाऱ्यातलं कीर्तन ज्यानं लहानपणापासून ऐकलंय त्या शहराचा कान तयार असतो. हार्मोनियम, तबला आणि शब्द, तिन्ही वेगवेगळे कळले पाहिजेत. आमच्या वारकरी कीर्तनात भाच्याची परीक्षा वेगळी असते. महाराजांना ‘एको’ लागतो. पखवाजाला वेगळा माईक, पेटीला वेगळा, टाळकऱ्यांना दोन, एवढं सगळं जुळवल्यावर महाराज व्यासपीठावरून बोट वर करतात: अजून एको. तो वाढवला तर शब्द एकमेकांवर चढतात आणि मागच्या बायांना नुसता गोंगाट ऐकू येतो. म्हणून त्यानं मिक्सरवरचं एक रिकामं बटण ठेवलंय, ज्याला काहीच जोडलेलं नाही. महाराजांनी बोट वर केलं की तो सगळ्यांना दिसेल असं ते बटण फिरवतो. महाराज समाधानानं मान डोलावतात. मालकाकडं पगारवाढीसाठी असंच एक बटण आहे. दर दसऱ्याला तो ते फिरवतो, आणि भाच्याला त्या बटणाला काही जोडलेलं नाही हे चांगलं ठाऊक असतं.

खर्चाच्या बाबतीत नांदेड स्वस्त निघालं. दाजींनी तर जेवणाच्या खर्चाला शून्य लिहून टाकलं. “लंगर हाय की. चोवीस तास.” इथं मात्र मी त्यांच्या हातातलं पेन काढून घेतलं. लंगरात जात विचारत नाहीत, गाव विचारत नाहीत, पगारही विचारत नाहीत. ते अन्न साउंडमालकाच्या पगारपत्रकात ‘भत्ता’ म्हणून कसं लिहायचं? उद्या मालक म्हणेल, जेवणाचे ७३३ काटतो, गुरुद्वारा जवळच आहे. दाजींना पटलं. त्यांनी शून्य खोडलं आणि नाइलाजानं मेसचे पैसे लिहिले.

लातूरचा हिशेब त्यामानानं सरळ असायला हवा होता. क्लासची नोकरी, सकाळी सात ते संध्याकाळी पाच. शेकडो पोरांच्या हॉलमध्ये सरांच्या कॉलरला माईक लावायचा, शेवटच्या बाकापर्यंत आवाज पोचवायचा, तास रेकॉर्ड करायचा, त्यातून पंख्याची घरघर आणि सरांचं खाकरणं काढायचं. ‘हे परीक्षेला येत नाही’ हे सरांचं आवडतं वाक्यही काढायचं, कारण फी सगळ्याचीच घेतलेली असते. एकच धडा चार बॅचेसला चार वेळा ऐकावा लागतो. भाच्याला आधी दोन महिन्यांच्या बदलीच्या कामात मानवी श्वसनसंस्था तोंडपाठ झाली होती. अक्काचे डोळे चमकले. “म्हणजे पोरं लाखानं फी भरायलीत, अन् ह्याला वरून पगार? ती फी पगारात धरा!” तिनं धरायलाच लावली. त्या क्षणी लातूरचा पगार मुंबईच्या पुढं गेला.

तो फार वेळ पुढं राहिला नाही, कारण भाड्याचा रकाना आला. लातूर पॅटर्ननं लातूरला काय दिलं याची चर्चा पुष्कळ झाली आहे; घरमालकांना काय दिलं ते कुणी बोलत नाही. दर जूनमध्ये चारी बाजूंनी पोरं येतात आणि गावातली प्रत्येक खोली कॉटवर मोजली जाते. आपण खोली विचारायला गेलो की मालक खोलीची लांबी सांगत नाही, “चार कॉट बसतात” असं सांगतो. एकट्या माणसानं खोली मागणं म्हणजे तीन कॉटचं नुकसान. त्यात तो साउंडवाला, म्हणजे पहाटे तीनला येणार. एका घरमालकीणबाईंनी तर “पोरं अभ्यास करतात, घरात वाजवायचं न्हाई” असं बजावलं, जणू काही भाचा बेस उशाला घेऊन झोपतो.

आता यात गंमत अशी की सरकारच्या लेखी लातूर स्वस्त आहे. केंद्र सरकार आपल्या नोकरांना घरभाडं भत्ता देताना शहरांचे तीन वर्ग करतं: एक्स, वाय आणि झेड. मुंबई-पुणे एक्समध्ये. नांदेड-वाघाळा वायमध्ये. लातूर झेडमध्ये. वर्ग ठरतो लोकसंख्येवर. २०११च्या जनगणनेत नांदेड साडेपाच लाखांचं होतं आणि लातूर चार लाखांच्या आतलं. सातव्या वेतन आयोगाच्या हिशेबात २०२४पासून एक्सला तीस टक्के, वायला वीस, झेडला दहा. म्हणजे १८,००० मूळ पगाराच्या माणसाला मुंबईत ५,४०० रुपये, नांदेडला ३,६०० आणि लातूरला १,८००. वाय वर्गात मालेगावही आहे, पण ते नाशिक जिल्ह्यातलं. आमचं यात्रेचं माळेगाव वर्षातले चार दिवस जगातलं सगळ्यांत महाग गाव असतं, त्याची नोंद कुठंच नाही. जनगणनेत कॉट मोजत नाहीत. लातूरला १,८०० रुपयांत कॉट मिळेल, कॉटवर गादी मिळेल याची खात्री नाही. भाच्याला यातला कुठलाच भत्ता मिळणार नव्हता. पण आपल्याला न मिळणारा भत्ताही कमी आहे हे कळल्यावर अक्काला जास्त राग आला.

शिवाय पाणी. एप्रिल २०१६मध्ये मिरजेहून ‘जलदूत’ रेल्वेनं पाणी आलं ते याच शहरात. तेव्हापासून लातूरला खोली बघायला गेलेला माणूस आधी बोअरला पाणी आहे का विचारतो आणि मग दरवाजाला कडी आहे का बघतो. दाजींनी उन्हाळ्याचे टँकरचे वर्गणीचे पैसे धरले. पंधरा हजारांचं असं करत काय राहतं ते बघायला मग आम्ही पगाराकडं वळलो. पीएफ १,८००, ईएसआयचे पाऊण टक्का म्हणजे ११३, व्यवसाय कर २००. हातात १२,८८७.

“हे तर नांदेडच्या जवळपासच आलं,” दाजी निराश होऊन म्हणाले. “फरक तीन हजारांचा. तो भाड्यात जायलाय.”

इथं मला बोलणं भाग होतं. जे हातात येत नाही ते मोजा, असं मी म्हणालो. मालकाच्या वाट्याचा पीएफ १,८००. त्यातले १,२५० पेन्शन खात्यात, ५५० पीएफमध्ये. मालकाचा ईएसआय सव्वातीन टक्के, ४८८. ग्रॅच्युइटीचे ७२१. मुंबईच्या मालकानं पीएफ आणि ग्रॅच्युइटीचे हेच आकडे सांगितलेल्या पगारातून कापले होते; लातूरचा क्लास हे सगळं पंधरा हजारांच्या वर भरणार होता. हे न दिसणारे महिन्याला तीन हजार झाले, आपले कापलेले १,८०० वेगळेच. पेन्शनचं सूत्र मी वहीवर लिहून दाखवलं: पगार गुणिले नोकरीची वर्षं, भागिले सत्तर. पंधरा हजारांवर पस्तीस वर्षं झाली तर महिना साडेसात हजार. दाजींनी सूत्र दोनदा वाचलं, मग आपलं स्वतःचं पेन्शन आठवून वही जरा वेळ बाजूला ठेवली.

तेवढ्यात भाच्याचा चुलतभाऊ आला. प्रत्येक घरात असा एक चुलतभाऊ असतो, तो नोकरीच्या चर्चेला उशिरा येतो आणि धंद्याचं बोलतो. “कामून दुसऱ्याची चाकरी करायलास? मुद्रा लोन काढ, सोताचं साउंड घे.” मुद्रा योजनेत ‘किशोर’ गटात पाच लाखांपर्यंत कर्ज मिळतं हे खरं. अकरा टक्के व्याज आणि पाच वर्षं धरली तर हप्ता येतो १०,८७१ रुपये. दाजींनी तो पंचांगाशेजारी ठेवून बघितला. भाद्रपदातही १०,८७१, पौषातही तेवढेच. बँकेचा हप्ता पितृपक्ष पाळत नाही. शिवाय मालक झाल्यावर उधारी मागायला आपल्यालाच जावं लागतं, आणि आमचा भाचा असा की समोरच्यानं “बस, चहा घे” म्हटलं की पैसे विसरतो. चुलतभाऊ चहा पिऊन गेला. तो स्वतः वाळूजला कंपनीत आहे, पगारी.

मला जो कौल द्यायचा होता तो कोरोनाच्या २०२० सालामुळं द्यायचा होता, आणि ते साल घरात कुणाला आठवायचं नव्हतं. लग्नाला पन्नास माणसं, वरात बंद, यात्रा बंद, गणपती घरातल्या घरात. नांदेड काय नि लातूर काय, बेस गोदामात आणि पोरं भाजीच्या गाड्यावर. त्या मार्चअखेर सरकारनं पीएफमधून तीन महिन्यांच्या पगाराइतकी किंवा शिलकीच्या पंचाहत्तर टक्के, जी कमी असेल ती रक्कम काढायची मुभा दिली. ज्यांचा पीएफ होता त्यांनी काढली. जे जेवून-खाऊन होते, त्यांची पंगतच उठलेली होती. ऐंशी रुपयांचं ताट शिल्लक टाकता येत नाही.

भाचा लातूरच्या क्लासला लागला. खोली बार्शी रोडला मिळाली, तीन कॉटची, दोन पोरं नीटची तयारी करणारी. ती अडली की श्वसनसंस्था याला विचारतात. नांदेडच्या मालकाशी त्यानं तोडलेलं नाही. मोठ्या तिथीला संध्याकाळी सुटून तो एसटीनं जातो. रेल्वेनं जायचं म्हटलं तर परळी, परभणी, पूर्णा अशी प्रदक्षिणा पडते आणि पोचेपर्यंत नवरी सासरी गेलेली असते. त्या रात्रीचे हजार तो आता रोख आणि आधी घेतो. जेवणाचं काही बोलत नाही.

तुमच्या घरी यंदा कार्य असेल तर एवढं करा. स्पीकरवाल्याला इसार देतानाच उरलेले पैसे कधी देणार ते ठरवा आणि वरात मांडवात आली की त्याच रात्री द्या, ‘सकाळी घरी ये’ म्हणू नका. वायर गुंडाळायचे दोन तास धरून द्या. त्याला दुसऱ्या पंगतीला बसवा, व्याही तेवढा वेळ थांबतील. आणि माईक हातात आला की त्यावर टिचकी मारू नका, फुंकूही नका. तो चालू असतो.